रविवारचं मशीन

"बाई, जरा खोका बरं," हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

त्या खोलीत माझा कामाचा पहिलाच दिवस होता. नगरमधलं एक खासगी हॉस्पिटल, दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली आणि तिच्यात डायलिसिसची दोन मशिनं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. किडन्या गेलेल्या माणसाला तेव्हा आमच्या जिल्ह्यात फारसा आसरा नव्हता, बहुतेकांना पुणं गाठावं लागे. मी नर्सिंग करून, पुण्यात दोन महिने मशीन शिकून आले होते आणि आतून घाबरलेलीच होते. खिडकीजवळच्या पलंगावर साठीचे एक गृहस्थ बसले होते. हाडापेराने मोठे, पण अंगावरचं मांस उतरलेलं. मी सुई घेऊन जवळ गेले तर त्यांनी हात मागं ओढून घेतला आणि मला खोकायला सांगितलं. मला वाटलं, नव्या नर्सची थट्टा चालली आहे. पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी खोकले. त्यांनी मान तिरपी करून ऐकलं, पुन्हा एकदा खोकायला लावलं आणि मग हात पुढं केला. "कोरडा हाय. चालंल," म्हणाले.

त्यांना सगळे नाना म्हणत. तीस वर्षं त्यांनी क्षयाच्या सरकारी दवाखान्यात सूक्ष्मदर्शकावर काम केलं होतं. रोग्याचा बेडका काचेवर पसरायचा, रंग द्यायचा आणि डोळा लावून बसायचं. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काडी दिसली की क्षय. एका वेळी नजरेत येतो तेवढ्या तुकड्याला नाना 'घर' म्हणायचे, आणि त्यांचा नेम होता की शंभर घरं हिंडल्याशिवाय कागदावर 'नाही' लिहायचं नाही. हा नेम पुस्तकातलाच, पण तो पाळणारे थोडे. नाना पाळायचे त्यामागं एक कारण होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पारनेरकडं जायची जीप खाली हॉर्न देत होती, म्हणून साठ घरं बघून त्यांनी एका गवंड्याच्या कागदावर 'नाही' लिहिलं. तो माणूस पाच महिन्यांनी परत आला तो बायको आणि दोन पोरं सोबत घेऊन, आणि चौघंही खोकत होती. बायको वाचली नाही. नानांनी मला एवढंच सांगितलं. मी काही विचारायच्या आत त्यांनी मशीनवरच्या काट्याकडं बोट दाखवलं आणि प्रेशर बघा म्हणाले.

साखरेच्या आजारात त्यांच्या किडन्या गेल्या. बायको आधीच गेली होती. मुलगा पुणतांब्याला शेती बघायचा, तो गावी चला म्हणून मागं लागलेला, पण मशीन नगरला, म्हणून नाना माळीवाड्यात एक खोली घेऊन एकटे राहत. मंगळवारी आणि शुक्रवारी चार-चार तास मशीनवर. येताना एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत चष्म्याच्या डबीत ठेवलेला थर्मामीटर, स्पिरिटचा बोळा आणि पुठ्ठ्याची वही.

आल्या आल्या ते त्या दिवसाच्या सगळ्या पेशंटांचा ताप घेत. मी घेतलेला त्यांना चालत नसे. वहीत प्रत्येकाची एक ओळ होती. दर वेळचा ताप, वजन, आणि शेवटी एखादा शब्द, 'जेवण कमी', 'घाम', 'बोलत न्हाई'. नवीन माणूस आला की त्याला खोकायला सांगत. लोक चिडायचे. एका पेशंटच्या भावाने तर डॉक्टरांकडं तक्रार केली की हा म्हातारा आमच्या माणसाला भलताच रोग चिकटवतोय. डॉक्टर तरुण होते, शांत स्वभावाचे. ते म्हणाले, त्यांच्यामुळं कुणाचं नुकसान होत नाही, चालू द्या.

खिडकीवरून रोजचं भांडण होतं. कोंडलेल्या हवेत जंतू फिरतो म्हणून नाना ती बंद करू देत नसत. थंडीत वारा असा झोंबायचा की पेशंट घोंगडी पांघरून पडायचे. शेजारच्या मशीनवर शेवगावकडचे एक शाळेतले शिपाई असत, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. पंचेचाळीसचे, गोष्टीवेल्हाळ. ते म्हणायचे, "नाना, किडनीनं न्हाई मेलो तर तुमच्या वाऱ्यानं मरंन मी." नाना आपलं घोंगडं काढून मामांच्या पायांवर टाकत. मामांना तहान सोसत नसे. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसाकाठी दोन-तीन पेले पाणी, त्यात चहासुद्धा आला. मामा चोरून पाणी प्यायचे आणि सुजून यायचे. नानांनी त्यांना तोंडात लवंग धरायला शिकवलं, बर्फाचा सुपारीएवढा खडा गालात कसा मुरवायचा ते शिकवलं, आणि मामांचं वजन महिनाभरात ताळ्यावर आलं. चार-चार तास दोघं शेजारी पडून असत. मामा बोलायचे, नाना ऐकायचे. ऐकायला नाना फार चांगले होते.

क्षयाबद्दल मात्र तेच बोलत. मी एकदा म्हटलं, नाना, इथं कुणाला टीबी नाही, कशाला एवढं? ते म्हणाले, "न्हाई कसा? निम्म्यांच्या अंगात हाय. निजलेला हाय." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. जंतू एकदा शिरला की बहुतेकांच्यात तो कुठंतरी कोपऱ्यात गप्प पडून राहतो. माणूस आजारी नसतो, त्याच्यापासून दुसऱ्याला काही होत नाही. पुष्कळांचा जन्म तसाच निघून जातो. पण किडनी गेली की अंगाचा पहारा सैल पडतो, आणि मग तो उठतो. स्वतःच्या डाव्या हातावरचा एक जुना डाग त्यांनी दाखवला. नोकरीला लागताना कातडीखाली औषधाचा थेंब टोचून बघितला होता, तिसऱ्या दिवशी हात फुगून फोड आला. म्हणजे जंतू त्यांच्याही अंगात होता, तीस-पस्तीस वर्षं, आणि ते त्याला धरून जगत आले होते.

मीही ते सगळं म्हाताऱ्याचं वेड म्हणूनच ऐकलं. सुमनचं झालं तेव्हा डोळे उघडले.

सुमन आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वरच्या अंगाला राहायची, डोंगरातल्या भाताच्या गावात. पंचविशीची होती. बाळंतपणात किडन्या गेल्या आणि बाळही गेलं. पहाटेची जीप, मग एसटी, असं करत नवऱ्याबरोबर यायची. तिचं वजन दर वेळी तेवढंच भरायचं, म्हणून आम्हाला काळजी वाटत नव्हती. एका मंगळवारी नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तिच्या बांगड्या बघा. दिवाळीत मनगटाला हुत्या, आता कोपरापातुर सरकत्यात. वजन तेवढंच हाय, पर त्यात मांस गेलंय आन् पानी भरलंय. काटा फसवतोय." वहीत तिची ओळ दाखवली. दीड महिना दर वेळी ताप, नव्याण्णवच्या थोडासा वर. मशीनवरच्या माणसाला एवढी कणकण असतेच म्हणून आम्ही सोडून दिलेली.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी छातीचा फोटो काढला, स्वच्छ निघाला. हातावर थेंब टोचला, तिसऱ्या दिवशी काही उठलं नाही. डॉक्टर म्हणाले, क्षय नाही. नाना पलंगावरूनच म्हणाले, साहेब, हिचं कातडं काय बोलणार, मशीनवरच्या माणसाचं कातडं मुकं असतं, ते न्हाई म्हणालं म्हणून न्हाई होत नाही. डॉक्टरांना ते आवडलं नाही, पण खोटं आहे असंही ते म्हणाले नाहीत. मग नानांनी मला सुमनची मान चाचपायला सांगितली. ते स्वतः बाईमाणसाला हात लावत नसत. कानाच्या खाली हरभऱ्याएवढी गाठ होती, आणि तिच्यामागं आणखी एक.

गाठीत सुई घालून पाणी काढलं, काचा केल्या. आमच्या तळमजल्यावरच्या लॅबवाल्याने बघून काही नाही म्हणून सांगितलं. नाना चार तासांच्या डायलिसिसवरून नुकतेच उठले होते, त्या वेळी माणसाला जिना धड उतरवत नाही. भिंतीला धरत ते खाली गेले, लॅबवाल्याच्या स्टुलावर बसले आणि काच मागितली. मी मागं उभी होते, ते पडतील म्हणून. त्यांचे ओठ हलत होते, घरं मोजत होते. दीड तास गेला. लॅबवाला दोनदा चहा पिऊन आला. मग नाना मागं सरले आणि मला म्हणाले, "बघा." मी डोळा लावला. निळ्यात एकच बारीक लाल रेघ होती, किंचित वाकलेली. "एकोणऐंशीव्या घरात," नाना म्हणाले.

सुमनला औषधं सुरू झाली. दोन महिन्यांत ताप गेला, जेवण वाढलं, बांगड्या खाली आल्या. ती नानांच्या पाया पडायला वाकली तर ते पाय वर घेऊन मांडी घालून बसले आणि तिला म्हणाले, गोळी चुकवू नको, तेवढं पुरं.

त्यानंतर नानांनी डॉक्टरांचा पिच्छा धरला. मशीनवरच्या नऊही पेशंटांना, जंतू उठायच्या आधीच, त्याला मारायची गोळी द्या. तशी गोळी होती. डॉक्टरांनी पुस्तकं काढून बघितली आणि एका मंगळवारी त्यांच्याजवळ स्टूल घेऊन नीट सांगितलं. नऊमधल्या कुणाच्या अंगात जंतू निजलाय हे कळायला तपासणी नाही, आहे ती मशीनवरच्या माणसात खोटी पडते. सगळ्यांना सरसकट दिली तर गोळी महिनोन्महिने घ्यायची, लिव्हरला त्रास होतो, आधीच मूठभर गोळ्या खाणारी ही माणसं. ते ही जोखीम घेणार नव्हते. आज मागं वळून बघताना मला त्यांना दोष देता येत नाही, तेव्हा फारसं कुणी देत नव्हतं. पण ते पुढं म्हणाले, "नाना, तुमची गोष्ट वेगळी. तुमचा हात फुगलेला आहे. तुम्हाला मी उद्यापासून सुरू करतो."

नाना म्हणाले, "समद्यांना द्या, मग मला द्या."

डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, मामांनी तर हात जोडले. नाना ऐकेनात. त्यांचं म्हणणं असं की मी एकट्याने घेतली की तुम्ही म्हणाल, झालं म्हाताऱ्याचं समाधान, आणि बाकीचे विसरले जातील. हट्टी माणूस. तो हट्ट त्यांनी शहाणपणासारखा धरला आणि आम्हीही शेवटी नाद सोडला.

वर्ष गेलं. पावसाळा संपता संपता मला एक गोष्ट खटकायला लागली. नाना दुसऱ्या मजल्यावर यायला वेळ लावत. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबत. मी एकदा वरून वाकून बघितलं तर ते भिंतीकडं तोंड करून, चौपदरी रुमाल तोंडावर दाबून खोकत होते. वर आले तेव्हा श्वास सावरलेला, चेहरा नेहमीसारखा. त्या दिवशी ते मशीनवर झोपले असताना मी वही उघडली. सगळ्यांच्या ओळी नेहमीसारख्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या ओळीत तीन आठवडे एकच आकडा होता, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, एकाच शाईत, एका दमात लिहिलेला. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. चटका बसला.

त्यांनी डोळे उघडले. मी काय बघितलं ते त्यांना कळलं. मामा शेजारी घोरत होते. नाना हळू आवाजात म्हणाले, "चार दिवस द्या मला, बाई. शुक्रवारपातुर. आदी बघून तर घेऊ द्या."

मी विचारलं, बघायचं काय त्यात, डॉक्टरांना सांगूया. ते म्हणाले, सांगितलं की मशीन बंद. खोली एक, मशिनं दोन, लोक नऊ. मला आत कोण घेईल? पुण्याला कोण नेईल? तीस वर्षं लोकांना 'लवकर सांगा' म्हणून ओरडणारा माणूस माझ्याकडं मुदत मागत होता.

मी दिली.

तेव्हा मला वाटलं की मी दया करते आहे. त्या शुक्रवारी ते आले, तोंडावर रुमाल बांधून. मशीनवर घेताना मला म्हणाले, तोंड खिडकीकडं करून बसवा. चार तास ते एक शब्द बोलले नाहीत. मामांना वाटलं काहीतरी चुकलं, नाना रुसले. मामा नानांची समजूत घालत राहिले, वाकून वाकून बोलत राहिले. मी मधे उभी राहून हे बघितलं आणि गप्प बसले. मशीनवरून उतरल्यावर नानांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. जुन्या दवाखान्यात जाऊन त्यांनी स्वतःची काच स्वतः बघितली होती. पहिल्याच घरात सापडलं होतं, मोजायची वेळच आली नव्हती.

बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळली. नातेवाईक जमले. ज्याने पूर्वी तक्रार केली होती तो भाऊ सगळ्यांत पुढं होता, आणि तो जे बोलत होता ते चूक नव्हतं. डॉक्टरांनी नानांना बाहेर काढलं नाही. त्यांनी मार्ग काढला. रविवारी खोली बंद असे. रविवारी सकाळी नाना एकटे येतील, खिडक्या सताड उघड्या, मग खोली धुऊन सोमवारपर्यंत मोकळी. रविवारी कोण येणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हात वर केला. का केला ते डॉक्टरांना कळलं नाही.

असं मंगळवार-शुक्रवारचं आठवड्यातून एकदा झालं. ज्याला दोन वेळा लागतं त्याला एकदा म्हणजे अर्धं जेवण. औषधांनी खोकला उतरत गेला. तीन-चार आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की आता यांच्यापासून कुणाला धोका नाही, परत मंगळवारी घेऊया. नातेवाइकांनी मान्य केलं नाही. आमचा माणूस त्या खोलीत ठेवणार नाही म्हणाले. त्यामुळं नाना रविवारचेच राहिले. पाय सुजले, झोपताना दम लागतो म्हणून उशा दोनाच्या तीन झाल्या.

त्या औषधांतली एक गोळी डोळ्यांवर जाते. चांगल्या किडन्या ती बाहेर टाकतात, नाहीतर मशीनने थोडी तरी निघते. आठवड्यातून एकदा मशीनवर येणाऱ्याच्या अंगात ती साठत जाते. डॉक्टरांनी मात्रा कमी केली होती, तरी पुरेशी कमी नव्हती. एका रविवारी मशीन सुरू करून मी बाजूला झाले तर नाना म्हणाले, "बाई, रक्त काळं का पडलंय?" मी घाबरले. नळीत रक्त गोठलं की ते काळसर होतं. मी नळी वरून खालपर्यंत तपासली. रक्त लालभडक होतं, नीट वाहत होतं. मी सांगितलं, नाना, लाल आहे. ते बराच वेळ नळीकडं बघत राहिले. मग माझ्या साडीचे काठ कोणत्या रंगाचे विचारलं. मी लाल म्हटलं. "मला मातकट दिसत्यात," म्हणाले. ती गोळी त्याच दिवशी बंद केली, पण गेलेला रंग त्यांच्या हयातीत परत आला नाही. त्याबद्दल त्यांनी पुन्हा कधी तक्रार केली नाही. फक्त वही आणणं बंद केलं.

संक्रांतीनंतर मामांना ताप येऊ लागला. मी वेळ घालवला नाही. सगळं बघितलं. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं आणि ते क्षयाचं निघालं. मामांना कुठून आला, हे कुणीही सांगू शकत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या स्वतःच्या अंगातलाच जागा झाला असेल, शेवगावात क्षय काय कमी आहे. ते खरं असू शकत होतं. नानांकडून आला असेल, हेही खरं असू शकत होतं, आणि तसं असेल तर तो त्या खोकल्याच्या आठवड्यांत आला असेल किंवा मी दिलेल्या चार दिवसांत. माझ्या जिवाला तेव्हापासून जे लागलं ते आजही सुटलेलं नाही.

रविवारी नानांनी विचारलं, मामा बरे आहेत ना. मी म्हटलं, बरे आहेत, जरा सर्दी आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रंग गेले तरी माणसाचा चेहरा त्यांना दिसत होता. "कुठं हाय?" त्यांनी विचारलं, "छातीत का गाठीत?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि उरलेला वेळ डोळे मिटून पडून राहिले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. माळीवाड्यातल्या खोलीला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, मुलगा येऊन गावी घेऊन गेला. सोमवारी रजा काढून मी पुणतांब्याला गेले. नाना ओट्यावर बाजेवर टेकून बसले होते, आडवं झालं की दम लागत होता. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. सुनेने चहा केला. नानांनी घेतला नाही, मला घ्यायला लावला.

मी त्यांना सांगितलं, आता मामाही रविवारीच येणार. मशिनं दोन आहेत. दोघांनाही हा आजार, तेव्हा कुणाची हरकत नाही, शेजारी शेजारी पूर्वीसारखे बसा. शिवाय डॉक्टर बुधवारचाही अर्धा दिवस सोडायला तयार आहेत. म्हणजे आठवड्यातून दोनदा. मी हे सगळं आनंदाची बातमी सांगावी तसं सांगत होते.

नाना म्हणाले, "त्याच्या शेजारी मला बसवू नका."

मी म्हटलं, त्यांना तुमच्यापासूनच झालं असं कुणी शाबीत करू शकत नाही. तुम्हीच शिकवलंय मला, निजलेला असतो, आपोआप उठतो.

"मला शाबीत करायचं न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमी त्या चार दिवसांचं कुनाला सांगू नका. ते माझं हाय." मी रडू लागले तर त्यांनी सुनेला हाक मारली आणि सांगितलं, बाईंची साडेतीनची एसटी हाय, त्यांना फाट्यापातुर सोडा.

मी परत आले. रविवारी मामा आले. त्यांना खिडकीजवळचं मशीन दिलं. ते शेजारच्या रिकाम्या पलंगाकडं बघत राहिले आणि विचारलं, नाना कुठं. मी म्हटलं, गावी आहेत, येत नाहीत म्हणतात. का, असं त्यांनी विचारलं. मला खोटं सुचलं नाही, मी सांगितलं की तुमच्या शेजारी बसायची त्यांना लाज वाटते.

मामांनी पायांवरचं घोंगडं सारखं केलं. मग म्हणाले, "लोक मला म्हनत्यात त्यांच्यापासनंच आलं म्हनून. आसंल. न्हाई तर माझंच आसंल. पर चार घंटे मी इथं बोलू कुनासंगं? त्यांना सांगा, मामा वाट बघतोय. म्हनावं, पानी लई प्यायला लागलोय परत, वरडायला तरी या."

मी त्यांना मशीनवर ठेवून खाली एसटीडी बूथवर गेले. नानांच्या मुलाच्या घराजवळ एका किराणा दुकानात फोन होता. दुकानदाराने मुलाला बोलावून आणलं. मी निरोप शब्दाला शब्द सांगितला आणि म्हटलं, आज निघालात तरी मी मशीन चालू ठेवते. तो म्हणाला, सांगतो, पण दोन दिवस झाले ते मधूनच ओळखतात, मधूनच नाही. मी दिवस मावळेपर्यंत थांबले. कुणी आलं नाही.

नऊ-दहा दिवसांनी मुलगा हॉस्पिटलात आला. डोकं भादरलेलं होतं. उरलेल्या गोळ्या परत द्यायला आला होता, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. सोमवारी पहाटे गेले म्हणाला, त्रास फार झाला नाही. मी विचारलं, मामांचा निरोप सांगितला होता का.

"सांगितला की. त्याच दुपारी," तो म्हणाला. "ऐकून घेतलं. मंग उठून बसले. आन् सदरा मागितला. दोनदा मागितला. पायात वहाना घाला म्हनाले. आमाला वाटलं, भ्रमात बोलत्यात. आमी धरून परत निजवलं त्यांना."

तो माझ्याकडं बघत होता. त्याला विचारायचं होतं की आम्ही चुकलो का. मी म्हटलं, नाही, तुम्ही बरोबर केलंत. आणि गोळ्यांची पिशवी घेऊन मी आत गेले.